वरचा दगड

४ तारीख, सोमवार

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "तुमची कुरकुर ऐकून माझे कान किटले. आता काय वाटतं ते यात लिहा. वही उलट बोलत नाही." बायको कंटाळली की नवऱ्याला वही देते, हे मला माहीत नव्हतं. मी पाचवीतून शाळा सोडली. त्यानंतर गिऱ्हाइकांच्या डब्यांवर नावं घालण्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. तरी लिहितो, कारण काळज्या खरोखरच बऱ्याच आहेत.

अंतर्गळाच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, आता कायमचीच नाही. वजन अठ्ठेचाळीस किलोवर आलंय. आरशात बघायचं मी सोडून दिलंय.

पैलवान गेला. अठरा वर्षं गिरणीत माझ्याबरोबर होता. आता बँकेच्या दारात खुर्ची टाकून बसतो. त्याला नावं ठेवत नाही, पण वरचा दगड आता उचलणार कोण?

गिरणीत दोन दगड असतात. खालचा बसून असतो, वरचा फिरतो. दळून दळून दोघांच्या खाचा बुजतात, मग वरचा उचलून बाजूला काढायचा आणि छिन्नीहातोडी घेऊन दोन्हींना टाकी लावायची, म्हणजे खाचा पुन्हा पाडायच्या. दीड-दोन महिन्यांनी हे करावंच लागतं. करून चार महिने झाले. पीठ गरम येतंय आणि जाडही येतंय. काल एक बाई म्हणाली, "आजोबा, पीठ देताय की वाळू?" मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

मुलगा बोटीवर नोकरीला आहे. अठ्ठावीसला सुट्टीवर येतोय. फोनवर म्हणाला, "बाबा, खूप केलंत. गिरणी बंद करू, गाळा औषधवाल्याला देऊ. मी आलो की बोलणं पक्कं करतो." मी हो म्हटलं. हो म्हटल्यापासून घशाखाली घास उतरत नाही.

५ तारीख, मंगळवार

सकाळी चहाच्या वेळी सूनबाई म्हणाली, "बाबा, गिरणी मी चालवते."

मी म्हटलं, "गिरणी म्हणजे मिक्सर नाही."

"मिक्सर कोण म्हणतंय? ऑपरेशनपासून रोजचं दळण मीच तर करतेय."

ते खरं आहे. पण दळणं वेगळं आणि गिरणी चालवणं वेगळं. माझे वडील म्हणायचे, वरचा दगड ज्याला उचलता येतो त्याचीच गिरणी. तेच मी तिला सांगितलं. दगड अडीच फुटी आहे, वजन दोन क्विंटलला जरा कमी. म्हटलं, "अठ्ठावीसच्या आत दगड उचलून, टाकी लावून, परत बसवून दाखव. मग मी स्वतः नवऱ्याला तुझ्या सांगतो की गाळा द्यायचा नाही."

वाटलं होतं, ती गप्प होईल. ती म्हणाली, "आणि बोलून फिरवायचं नाही."

ही एक शब्द बोलली नाही. नुसती बशीतला चहा फुंकत बसली. हिला बरं नसावं.

८ तारीख, शुक्रवार

नवीनच काळजी. मागच्या अंगणातला कपडे धुवायचा दगड चार बोटं सरकलाय. तो दगड माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे. खालची ओली माती उघडी पडलीय आणि कडेला एक खळगा आहे. मी हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, "तुम्हाला काहीही दिसतं. जा, जरा पडा."

हल्ली ही मला दुपारी रोज पडायला लावते. पूर्वी दुपारी डोळा लागला तर म्हणायची, माणूस आहे की अजगर.

९ तारीख, शनिवार

पाण्याची टाकी. भरलेली, लोखंडी. एका बाजूने वर उचलली गेलीय आणि तिच्याखाली एक वीट आहे. वीट आपणहून टाकीखाली जात नाही. म्हणजे टाकी आधी वर आली असणार, आणि टाकी वर येते म्हणजे बाकीची जमीन खाली जातेय. घर खचतंय.

सगळ्या जड वस्तूंभोवती खडूने रेघा ओढून ठेवल्या. सूनबाईने विचारलं, "बाबा, हे काय?" म्हटलं, "तू तुझं बघ." तिने मान खाली घातली. खांदे हलत होते. रडत असेल. मी उगाच तोडून बोललो.

१२ तारीख, मंगळवार

खडूची एकही रेघ जागेवर नाही. म्हणजे रेघा आहेत, वस्तू नाहीत.

गवंड्याला बोलावलं. जुना ओळखीचा, शहाणा माणूस. त्याने पाण्याची नळी लावून घराचे चारही कोपरे मापले. मग अंगणात उकिडवा बसून खळगे बघितले. भिंतीला टेकवलेली फळी बघितली, तिच्या टोकाला लागलेली माती नखाने खरवडली. मग चहा घेऊन आलेल्या सूनबाईचे तळहात बघितले. फोड आले होते. धुणं फार पडतं तिला.

"आजोबा," तो म्हणाला, "जमीन जागच्या जागी आहे."

"मग हे काय?"

"जमिनीचं विचारलंत, जमिनीचं सांगितलं."

आणि हिच्याकडे बघून मिशीत हसला. हीसुद्धा हसली. घर पडायला आलंय आणि यांना हसू सुचतंय. हल्ली गवंडीही पूर्वीसारखे राहिले नाहीत.

१३ तारीख, बुधवार

विशेष काही नाही. कपाट सरकलं.

१६ तारीख, शनिवार

सूनबाई गिरणीत दगडाभोवती फिरत होती. मला म्हणाली, "बाबा, हा नेमका बसतो कसा, ते सांगा ना."

मी ठरवलं, तिला असं सविस्तर सांगायचं की तिने हबकूनच जावं. म्हणून सगळं सांगितलं. वरचं पत्र्याचं नरसाळं कसं काढायचं, दगड लोखंडी आसावर कसा बसलेला असतो, एका बाजूने जास्त उचलला तर आसात कसा अडकतो, म्हणून थोडा या बाजूने, थोडा त्या बाजूने, असं आळीपाळीने कसं जावं लागतं. पैलवान आणि मी दोन्हीकडून छातीशी कवटाळून कसा उचलायचो. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख चपटं का आहे. दोन तास बोललो. मध्ये चहा झाला. ऑपरेशननंतर इतका वेळ बोललो नव्हतो.

ती हबकली नाही. म्हणाली, "एवढी वर्षं नुसत्या हातांनी? माझ्या वडिलांकडे ट्रकचं चाक मी दहाव्या वर्षी एकटी हलवत होते."

तिचे वडील टायरवाले. मी म्हटलं, टायर रबराचं असतं.

"लांब दांडा आणि खाली एक ठोकळा. दांडा रबराला चालतो तसा दगडाला पण चालेल. आम्हाला शाळेत होतं ना, तरफ."

पाचवीपर्यंत तरफ नव्हती. किंवा मी गैरहजर असेन.

मग तिने गिरणीच्या भिंती पावलांनी मोजल्या. दगडापासून समोरच्या भिंतीपर्यंत पाच पावलं. पुरत नाही, असं पुटपुटली आणि दाराकडे बघत उभी राहिली.

१७ तारीख, रविवार

वाईट दिवस. दुपारी उठून गिरणीत गेलो, तर तिने दगडाखाली लोखंडी पहार घातली होती. मी ओरडलो. दगडाला लोखंड लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. वडील सांगायचे, पहार लावली की कड उडते, आणि कड गेली की दगड गेला. आणि खरोखरच नखाएवढी कपची उडाली. दगडाला कधी घातल्या नसतील तेवढ्या शिव्या मी तिला घातल्या. शिव्या म्हणजे, "अक्कल गहाण ठेवलीस का" एवढंच, पण सुनेला कधी असं बोललो नव्हतो.

ती पहार बाजूला ठेवून गेली. जेवताना आमटी वाढली, पण "बाबा" म्हणाली नाही.

इथे खरं लिहितो. कपची उडाली त्याचं फार काही नाही, ती घासता येते. मी आत गेलो तेव्हा तिचा हात कुठे होता, ते मला दिसलं. माझ्या वडिलांची दोन बोटं याच दगडाखाली गेली. नियम लोखंडाचा नंतर आला, बोटं आधी गेली. मला तिच्या हाताची भीती वाटली आणि तोंडातून निघालं ते दगडाचं. शर्त मीच घातलीय. मागे घ्यायची तर गिरणी जाते, आणि नाही घ्यायची तर हे.

१९ तारीख, मंगळवार

लाकडाच्या वखारीत गेलो. घर खचतंय तर पुढेमागे भिंतीला टेकू द्यावा लागेल, तेव्हा एखादा वासा घरात असलेला बरा. वखारवाला म्हणाला, "टेकूला हा स्वस्तातला चालेल." मी म्हटलं नको, सरळ दाखव, गाठ नसलेला, वाकला तरी मोडणार नाही असा. दहा हात लांब. तो म्हणाला, "आजोबा, दहा हात उंच भिंत आहे तुमची?" लोकांना चौकशा फार.

वासा दोन माणसांनी आणून गिरणीच्या दारात टाकला. अंगणात जागा नव्हती. म्हणजे होती, पण दारात बरा.

सूनबाईने वासा बघितला, मग माझ्याकडे. "बाबा, लोखंड नाही हे."

"भिंतीसाठी आहे," मी म्हटलं. "पण भिंत काही आजच पडत नाही."

तिने त्याच्या टोकाला जुन्या टायरची पट्टी गुंडाळून खिळे मारले. आता कड उडायची नाही. ही बाब माझ्या वडिलांच्या लक्षात कशी आली नाही, कोण जाणे. त्यांचे व्याही टायरवाले नव्हते.

२१ तारीख, गुरुवार

आज पहिल्यांदा लावून बघितलं. वासा गिरणीत मावत नाही, म्हणून त्याचं लांब टोक दारातून बाहेर रस्त्यावर. दगड कमरेएवढ्या ओट्यावर असल्याने बाहेर ते टोक माणसाच्या छातीइतकं उंच येतं.

ठोकळा मी ठेवला. जिकडून दाबायचं त्याच्या जवळ ठेवला, म्हणजे आपल्या हाताशी आधार. सूनबाईने दाबलं, मग लोंबकळली. दगड ढिम्म. मला वाईट वाटलं आणि मनात थोडं हायसंही वाटलं, हेही लिहितो.

ही दारातून म्हणाली, "अहो, टाकीच्या वेळी..." आणि थांबली. कुठली टाकी, विचारलं तर म्हणाली, काही नाही.

सूनबाई आत आली. "बाबा, ठोकळा आपल्याला नाही चिकटवायचा, दगडाला चिकटवायचा. आपल्या बाजूला जेवढा वासा जास्त, तेवढं ओझं कमी." तिने ठोकळा सरकवत सरकवत दगडापासून वीतभर अंतरावर आणला. बाहेर गेली, टोकावर हात ठेवला आणि दाबलं.

दगड उचलला गेला. दोन बोटं. पैलवान उचलायचा तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या व्हायच्या. सूनबाई एका हाताने दाबत होती आणि दुसऱ्या हाताने कपाळावरचे केस मागे करत होती.

मी खाली वाकून फटीतून बघितलं. पलीकडच्या खिडकीचा उजेड दिसत होता. चाळीस वर्षांत त्या फटीतून मी कधी बघितलं नव्हतं. तेव्हा माझं तोंड दगडाला चिकटलेलं असायचं.

फुकट काही मिळत नाही, तेही बघितलं. तिकडे टोक हातभर खाली आलं तेव्हा इकडे दगड दोन बोटं वर. पण हातभर दाबायला आपल्याला कोण मनाई करतंय?

२२ तारीख, शुक्रवार

आता अडचण अशी. दगड वर धरून ठेवायला एक माणूस, आणि फटीत लाकडी पाचरी सारायला दुसरं. सारायचं काम सूनबाईचं, कारण तिचा हात चपळ. मग दाबायला ही.

ही म्हणाली, "रस्त्यावर? चारचौघांत त्या दांड्यावर बसायला मी काय पोपट आहे?"

"बसायला कोण सांगतंय, हाताने दाब."

"माझा हात दुखतो."

काल हिने याच हाताने गव्हाचा डबा फळीवर ठेवला. म्हटलं, टोकाला भरलेलं पोतं बांधू. सूनबाई म्हणाली, "पोत्याला खाली घे, वर घे म्हटलेलं कळत नाही. ऐकणारं माणूस हवं. आणि दगडाची खोड माहीत असलेलं."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी डॉक्टरांचं नाव काढलं. ही म्हणाली, "त्यांनी उचलू नका सांगितलंय. बसू नका असं सांगितल्याचं मला तरी आठवत नाही."

२४ तारीख, रविवार

बसलो.

गिरणी बंद. सकाळीच स्टूल ठेवून, त्यावर उभा राहून, वाशाच्या टोकावर बूड टेकलं. हिने खाली पोतं घालून दिलं होतं. पाय लोंबत होते. मी बसलो तसा वासा सावकाश खाली आला, आणि आतून सूनबाईचा आवाज, "आला, आला. थांबा बाबा. आता हलू नका."

मी हललो नाही. श्वाससुद्धा बेताने घेतला. ठोक ठोक आवाज झाला, पाचर गेली. "आता वर." मी स्टुलावर पाय टेकून अंग हलकं केलं. ठोकळा दुसऱ्या बाजूला. पुन्हा बसलो. असं सतरा वेळा. मधे मी आतल्या आत मोजत होतो, आसाची उंची किती, आता किती राहिली. बाराव्या वेळी वासा बुडाखाली थरथरला. मी म्हटलं, "थांब, डावीकडे अडकतोय. तिकडची पाचर एक बोट काढ." ती म्हणाली, "तुम्हाला बाहेरून कसं कळलं?" कसं कळलं ते मलाच माहीत नाही. बुडाला कळलं.

रस्त्यावर लोक जमले. एकाने विचारलं, "काय आजोबा, झोपाळा नवीन घेतला?" दूधवाला म्हणाला, "म्हातारं वाळत घातलंय." मी उत्तर दिलं नाही. बोललो की अंग हलतं.

डॉक्टरही तिथूनच गेले. स्कूटर थांबवली. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"उचलायचं नाही. मी कुठे उचलतोय? बसलोय."

ते वाशाकडे बघत गेले, दारातून आत, दगडापर्यंत. मग बाहेर आले आणि म्हणाले, "दुखलं तर लगेच उतरा." आणि घड्याळात बघत पाच मिनिटं उभेच राहिले.

दगड आसातून मोकळा झाल्यावर दोन नळकांड्यांवरून शेजारच्या ओट्यावर घरंगळवला आणि त्याच वाशाने उलटा करून पोत्यांना टेकवला. त्याचं पोट चार महिन्यांनी बघितलं. अगदी गुळगुळीत. त्याचा दोष नाही.

२६ तारीख, मंगळवार

काल आणि आज टाकी लावली. बसून करायचं काम, त्याला कुणाची मनाई नाही. सूनबाईच्या छिन्नीचा घाव पहिल्या दिवशी खोल जात होता. आज दुपारनंतर आवाज बरोबर यायला लागला. मी तिला तसं म्हटलं नाही. म्हटलं, "वाईट नाही."

ही म्हणाली, "लग्नानंतर तीन वर्षांनी मला एवढं म्हणाले होते. तुझी प्रगती जोरात आहे."

अंगणातल्या वस्तू हल्ली सरकत नाहीत. गवंड्याला निरोप दिला, जमीन थांबली म्हणून.

२८ तारीख, गुरुवार

आज दगड परत बसवायचा होता. हे उचलण्यापेक्षा अवघड, कारण शेवटची पाचर काढताना हात पार आत जातो. मी टोकावर बसलेला. दगड आसाच्या वर, बरोबर जागेवर. सूनबाई आतून म्हणाली, "बाबा, आता शेवटची. हात आत आहे."

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि मुलगा उतरला. संध्याकाळी येणार होता, सकाळीच आला. हातातली बॅग तशीच, माझ्याकडे बघत उभा. बाप भर रस्त्यात दांड्यावर पाय लोंबवून बसलेला.

"बाबा, हे काय चाललंय? उतरा आधी."

"नाही."

"ऑपरेशन झालंय तुमचं. उतरा, मी बघतो काय ते." आणि मला काखेत धरायला हात पुढे केला.

मी आयुष्यात त्याच्यावर फारसा ओरडलो नाही. आजही ओरडलो नाही. हळूच म्हटलं, "मी उतरलो तर तुझ्या बायकोचा हात जाईल. गप उभा राहा."

तो जागच्या जागी थिजला. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. त्याने दारातून आत बघितलं असेल. मी बघितलं नाही, मी वाशाकडे लक्ष देऊन होतो. अठ्ठेचाळीस किलो, पण त्या वेळी मला कुणी हलवू शकलं नसतं. माझा मुलगाही नाही.

"निघाली," आतून आवाज आला. "हात बाहेर. दोन्ही. आता सोडा बाबा, सावकाश."

मी स्टुलावर पाय टेकला आणि तसूतसूने वर आलो. दगड आसावर बसला तेव्हा आवाज झालाच नाही, इतका तो अलगद बसला. पैलवान आणि मी बसवायचो तेव्हा शेजारच्यांची भांडी वाजायची.

मग मुलाने बॅग खाली ठेवली.

दुपारी पहिलं दळण टाकलं. सूनबाईने पीठ माझ्या हातावर घातलं. गार होतं, बोटांना खरखर लागत नव्हती. मुलगा म्हणाला, "पण बाबा, दर दीड महिन्याला तुम्ही असं रस्त्यावर बसणार?" म्हटलं, "मग कुठे बसू?" त्याने खिशातून फोन काढला. मग बाहेर जाऊन औषधवाल्याला गाळा द्यायचा नाही म्हणून सांगितलं. परत आला तो वाशाच्या टोकाला हात लावून बघत होता. मी नसताना स्टुलावर चढला आणि बसूनही बघितलं, असं ही सांगते.

३० तारीख, शनिवार

गिऱ्हाइकं परत यायला लागली. वाळू म्हणणारी बाईही आली. दोन डबे ठेवून गेली.

सूनबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दीड महिन्यानंतरच्या एका रविवारी खूण केलीय. म्हणाली, "बाबा, तुमचं वजन आणखी घटलं तर वासा खाली येणार नाही. सगळं अडेल. नीट जेवत चला."

ती जबाबदारी मोठी आहे, आणि आता काळजीला तेवढं एक नवीन कारण झालं. आज दोनदा वाढून घेतलं.